चार-चार-एक-सात

आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गावी ट्रक कारखान्याचं संग्रहालय झालंय. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"जुन्या कामगारांना फुकट आहे, आजोबा. बिल्ला नंबर सांगा."

"नको, पोरी. दोन तिकिटं दे."

"एल्वुड, एकतीस वर्षं ट्रक जोडलेस ना? चार-चार-एक-सात, बाळ. मला पाठ आहे."

"या नंबरावर दोन नावं आहेत, आजी. आधी कुणी क्लेटन होते. संपाच्या वर्षी कामावरून काढलेले. आडनाव तुमचंच."

"क्लेटन? एल्वुड, तुझा भाऊ तर आपणहून सोडून गेला होता ना?"

"तो संपावर फाटकाबाहेर उभा होता, आर्लीन. मी आत गेलो. त्याच्या जागेवर."

आजींनी आजोबांच्या दंडावरचा हात काढून घेतला.

"पोरी, दोन तिकिटं दे."

"एकच दे, बाळ. मी बाहेर उभी राहते."