चौथ्यांदा धार

टेलरबाई : चौथ्यांदा आणलीय कात्री, काका. धार लावता की नुसतं चाक फिरवता?

धारवाला : महिन्यात चौथ्यांदा. मीही मोजतोय. ती चिंधी द्या इकडे.

(कात्री एकदाच चालते. चिंधीचे दोन तुकडे खाली पडतात.)

धारवाला : बघा. कुठे अडली?

टेलरबाई : तुमच्या हातात चालते हो. मी कापायला बसले की अडते मेली.

धारवाला : दिवसभर?

टेलरबाई : सकाळी. अकरानंतर जरा बरी चालते.

धारवाला : कात्रीला कुठे सकाळ-दुपार कळते, ताई? हात दाखवा. दोन्ही.

टेलरबाई : सुजलेत थोडे. शिवून शिवून सुजणारच की!

धारवाला : कात्री उजव्या हातात धरता. मग डाव्याची तीच बोटं का सुजली?

(टेलरबाई दोन्ही हात पदराखाली घेते.)

धारवाला : उठल्यावर मूठ वळते?

टेलरबाई : तासभर नाही. हल्ली दीड तास. गरम पाण्यात हात बुडवून बसते. नवरा म्हणतो, चोचले आहेत.

धारवाला : अंगात कणकण?

टेलरबाई : काका, डॉक्टरकी पुरे. सोमवारी शाळेचे चाळीस गणवेश द्यायचेत. धार लावा.

धारवाला : माझी बायकोही म्हणायची, सुरी बोथट झालीय. मी रोज धार लावून द्यायचो. वर्षभर लावली, ताई. धंदाच तो माझा, दुसरं काही सुचलंच नाही. आमवात निघाला. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच आणलं असतं तर बोटं कदाचित वाचली असती.

टेलरबाई : मी चौतीस वर्षांची आहे हो. हे म्हातारपणी होतं.

धारवाला : ती तेहतीसची होती.

टेलरबाई : आता कशा आहेत?

धारवाला : कप दोन्ही तळव्यांत धरते. वेणी मी घालतो. वाकडी येते, पण ती काही बोलत नाही.

टेलरबाई : द्या ती कात्री.

धारवाला : नाही देणार. रक्त तपासल्याचा कागद दाखवा आणि घेऊन जा. दवाखाना समोरच आहे, आत्ता उघडा असेल.

टेलरबाई : घाबरवू नका ना, काका. हे हात गेले तर माझ्याकडे राहिलं काय? दुसरं काही येत नाही मला.

धारवाला : म्हणूनच म्हणतोय, जा. मी इथेच बसलोय.

टेलरबाई : काका, दवाखान्याच्या दाराला मूठ कसली आहे?

धारवाला : का?

टेलरबाई : गोल असली तर माझ्याने फिरत नाही.