खालची वल

मी मेहरून, माहेर जतकडचं, सासर उंब्रजचं. माहेरच्या रानाला हीर न्हाई, कालवा न्हाई, पावसाची जी वल जमिनीत मुरंल तेवढ्यावरच गहू. आई-बाप गेले, आता तिथं माझा धाकटा भाऊ सलीम कसतोय. आन मी हितं गव्हाची तपासनी करत्यात त्या शेतावर रोजानं जाते, लय वर्सं झाली. काळीज माझं पयल्यापासनंच भित्रं, पन यंदासारखी भ्याले न्हवते कवा.

काय सांगू तुमाला, आमच्या मॅडम म्हनत्यात गहू नुस्ता दान्यावरनं वळखू नये, मुळी बघावी. येका वानाची मुळी वरच्या वर पसरती, वरलं पानी भराभरा पिती, पीक हिरवंगार दिसतं आन दाना भरायच्या टायमाला सुकाय लागतं. दुसऱ्याची मुळी सरळ खाली जाती, शेवटाला खालची वल वडती, दाना भरती. ते कळाय काढनीच्या टायमाला गिरमिटानं भोक पाडून खालची माती डबीत भरायची, वजन करायचं, भट्टीत वाळवून परत वजन. वल लय उरली म्हंजी मुळी तितपतूर गेली न्हाई.

गेल्या साली ते गिरमिट माझ्या हातात दिलं. काळी माती, काही वाफ्यात गिरमिट लोन्यात गेल्यावानी जायाचं, काही वाफ्यात नुस्ता दगूड. आता आमच्यात मेख ठोकायची म्हनलं तरी आदी तांब्याभर पानी वतत्यात, माती मऊ पडती, ते काय कुनी शिकवाय लागतं व्हय. मी बी वतलं, जिथं कठीन लागलं तिथं वतलं, आन डब्या भरून दिल्या. मॅडम म्हनाल्या, लांब मुळीचा म्हनून आनलेल्या ह्या गव्हाच्या खालची वल तशीच हाय की, मग वर पसरनाऱ्या मुळीचाच बरा. मीच सलीमला फोन लावला, म्हनलं त्योच पेर. त्येनं सगळ्या रानात पेरला.

यंदा नव्या बायका आल्या, मॅडम त्यास्नी सांगत हुत्या, भोकात पान्याचा येक थेंब पडता कामा नये. आवं, ती माती दगूड झाली कशानं? त्या लांब मुळीच्या गव्हानं खालपतूर वल पिऊन कोरडी केलेली. जिथं मुळीनं काम केलं, नेमकं तिथंच मी पानी वतलं.

आठ दिस जेवन ग्वाड लागलं न्हाई. मग गेले, म्हनलं, “मॅडम, ती खालची वल माझी हुती.” त्येंनी कामावरनं काढलं न्हाई, गेल्या सालच्या आकड्यांच्या पानावर आडवी रेघ मारली, म्हनाल्या तपासनी परत करू, पन भावाला सांगा.

त्येच हुईना बगा. सांगून तरी काय, पेरलेलं उपटंल व्हय त्यो? अल्ला दाना भरंपतूर त्येच्या रानात वल ठेवू दे, आजून काय मागू. रोज सकाळी त्येचा फोन येतोय, आपा, गहू लय हिरवागार हाय, आसा कवा आलाच न्हवता. मी माशाल्ला म्हनते आन फोन ठेवते.