दुधाच्या गाडीची कडी

आमच्या सलीमभाईंची व्हॅन बघितली का? नवरा-बायकोला फिरता यावं म्हणून त्यांनी आत पलंग आन् शेगडी बसवून घेतली. काम केलं लासुर्ण्याच्या तात्यांनी. त्यांनी जन्मभर दुधाच्या गाड्याच बांधल्या.

पहिल्याच फेरीत निमगाव केतकीजवळ उसाच्या कडंला गाडी लावून दोघं मागं चहा प्यायला बसली. वाऱ्यानं दार आपटलं आन् बाहेरनं कडी लागली. आतनं कडीच न्हाय, डायव्हरच्या सीटमागंबी पत्रा ठोकलेला, म्हंजे पुढनं निघायलाबी वाट न्हाय.

सलीमभाईंनी फोन लावला, "तात्या, दार आतनं उघडायचं कसं?"

"आतनं? आजवर दुधाच्या एकाबी कॅननं मला हे इचारलं न्हाय."

भाभींनी फोन हिसकावून घेतला, "तात्या, लवकर या. ह्यांच्यासंगं कोंडलं तर दूधबी तासाभरात नासंल, मी तर माणूस हाय."