मास्टर्स ठरलंय, पण कुठलं?

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाला दोन शर्टांतला एक निवडताना दुकानदार शटर ओढायला लागतो, त्याने मास्टर्सची डिग्री निवडायची म्हणजे काय चेष्टा आहे? मी पंपांच्या कंपनीत. दिवसभर पंपांची ड्रॉइंग काढायची, मान वर केली की खिडकीतून काय दिसतं? पंप! आणि शाळेत माझ्या शेजारी बसणारा ढापण्या, तो गुंतवणूक कंपनीत, काचेच्या केबिनमध्ये! म्हटलं बस्स, आपणही फायनान्समध्ये जायचं. मास्टर्स करायचं. ते ठरलंय हो... पण कुठलं?

तुम्हाला वाटेल एकच असेल. छे! एमबीए फायनान्स, एमएस्सी फायनान्स, आणि वर फायनान्शियल इंजिनिअरिंग! म्हणजे ज्या इंजिनिअरिंगपासून मी पळतोय, ते आधीच तिकडे जाऊन पाय पसरून बसलंय!

गेलो एका सल्लागार बाईंकडे. गुळगुळीत टेबल, गुळगुळीत आवाज. "सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" अहो बाई, ते दिसलं असतं तर तुमच्या दारात आलो असतो का? "मग एमबीएच करा सर! काय करायचं ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी फारच छान आहे!"

सासरे म्हणाले, "जावईबापू, एमबीएवाले नुसते बोलतात. एमएस्सी करा." एवढंच सांगायचं होतं, पण पाऊण तास बोलले! ढापण्याला फोन लावला. "फायनान्शियल इंजिनिअरिंग कर. गणित पक्कं लागतं पण." म्हटलं, "माझं गंजलंय रे." "मग नको करूस." ठेवला फोन! मास्टर्स ठरलंय हो... पण कुठलं?

आता बायको. शाळेत गणित शिकवते. रोज संध्याकाळी ती पेपर तपासणार आणि मी समोर बसून माहितीपत्रकं मोठ्याने वाचणार. "हे ऐक, यात जोखीम व्यवस्थापन आहे... पण त्यात शेअर बाजार जास्त आहे..." ती म्हणायची, "हं." प्रवेश परीक्षेची पुस्तकं आणली. मी चाळली, ती सोडवायला लागली. "सहज रे, बघते जमतंय का." मला काय कौतुक! म्हटलं, तेवढीच बिचारीची करमणूक!

एक दिवस जेवताना म्हणते, "अरे, मला एमएस्सी फायनान्सला प्रवेश मिळाला."

"तुला? आणि मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, 'पण कुठलं?'"

राग आला, खोटं कशाला बोलू? तरातरा गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती मागून आली. हळूच म्हणाली, "इतकी वर्षं तेच अपूर्णांक शिकवतेय मी. मलाही कंटाळा येत असेल, असं आलं का रे कधी तुझ्या मनात?"

...नव्हतं आलं हो. मग विषय बदलायचा म्हणून विचारलं, "मुलाखतीत काय विचारलं?"

"जोखीम म्हणजे काय, उदाहरण द्या."

"मग? काय दिलंस?"

"तुला."

"मला?!"

"म्हटलं, माझा नवरा. चुकायला नको म्हणून वर्षभर काहीच निवडलं नाही. तिन्हींच्या मुदती गेल्या. सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले रे!"

झालं! ती गेली कॉलेजात, मी पंपांवर. परवा तिच्या वर्गातली मंडळी गटाने अभ्यासाला घरी आली. मी चहा घेऊन गेलो, तर एक मुलगी टुणकन उठून उभी. "अय्या, ते तुम्हीच का? सरांनी तुमच्यावर दोन तास घेतले! परीक्षेला हमखास येतं म्हणाले!"

काय करता? हसलो, बिस्किटं पुढे केली. शेवटी फायनान्सच्या मास्टर्समध्ये शिरलो म्हणायचं... विद्यार्थी म्हणून नाही, धडा म्हणून!