डाव्या वळणावर पडणारा काटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि मोटार संग्रहालयाचे संचालक महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आमच्या कारखान्यातले फिटर, वेल्डर, रंगारी आणि त्यांच्या घरची मंडळी, पहिल्या रांगेत बसलेले काका आणि काकू, आणि स्वतःचं कौतुक ऐकताना ज्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा होतो, त्या आमच्या मॅडम,

सर्वांना नमस्कार. सुरुवात करण्याआधी एक विनंती. खाली कोणीतरी कंप्रेसर चालू ठेवलाय. तुम्हाला ऐकू येत नसेल, मला येतोय. कोणीतरी जाऊन बंद करा. मला पदवी नाही, आडनावाला वजन नाही. देवाने मोठे कान दिले आणि त्यांच्यावरच मी हा कारखाना उभा केला. गिऱ्हाईक दारात गाडी आणतं, तेव्हा आजार गाडीच्या आवाजात आहे की गिऱ्हाइकाच्या, हे मला आतूनच कळतं.

मॅडमचं तसं नाही. त्या शिकलेल्या इंजिनियर. मी म्हणायचो, ‘मॅडम, आवाज ठीक आहे.’ त्या म्हणायच्या, ‘मालक, ठीक म्हणजे किती?’ इतकी वर्षं आमचं हेच भांडण चाललं, आणि खरं सांगतो, त्या भांडणावरच आमच्या कारखान्याचं नाव झालं. आज त्या निवृत्त होताहेत. उद्यापासून मला ‘किती?’ असं कोण विचारणार?

त्यांनी मघाशी बजावलंय, ‘मालक, थोडक्यात.’ म्हणून त्यांच्या सगळ्या कामांचा पाढा वाचत नाही. एकच गाडी सांगतो. खाली हॉलमध्ये पांढऱ्या चादरीखाली उभी आहे ती. येताना पोरांनी चादर उचलून पाहिली, तीच.

ही शर्यतीची गाडी. दोन माणसांची जागा, डोक्यावर छप्पर नाही, आणि ड्रायव्हरच्या पाठीला चिकटून इंजिन. इंजिन मोठं नाही, दोन लिटरच्या जरासं वर. मग ती मोठमोठ्या गाड्यांच्या पुढे कशी जायची? तर टर्बोमुळे. कारखान्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर फेकला जातो, तो इथे फुकट जाऊ द्यायचा नाही. त्याच्यावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. नियम करणारेही वस्ताद. ते म्हणाले, टर्बो लावता काय? मग तुमचं इंजिन आहे त्याच्या जवळजवळ दीडपट धरू. म्हणून ही बिचारी कायम तीन लिटरवाल्यांच्या पंगतीला बसली. आणि बऱ्याचदा त्यांच्या आधी जेवून उठली.

पण टर्बोचे नखरे असतात. पाय दाबला की लगेच काही होत नाही. पंखा वेग घेईपर्यंत सगळं शांत, आणि मग एकदम पाठीत लाथ. आमचे काका म्हणतात, ‘पाय आज द्यायचा, जोर उद्या यायचा.’ म्हणजे वळण संपायच्या आधीच पाय द्यायचा आणि विश्वासावर बसायचं.

काका म्हणजे ही गाडी शर्यतीत चालवणारे ड्रायव्हर. काका, जरा हात वर करा. हां. काकू, तुम्हीही करा, यांना इतकी वर्षं चालवलंत तुम्ही.

आता गाडीचा सांगाडा. वजन वाचवायला तो ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचा केलेला. हलका खरा, पण तडकायची भीती. त्यावर करणाऱ्यांनी काय युक्ती काढावी? सगळ्या नळ्या आतून एकमेकींना जोडल्या, सायकलला असतो तसा व्हॉल्व्ह बसवला, आणि आख्ख्या सांगाड्यात हवा भरली. त्या हवेचा दाब दाखवणारा एक काटा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. काटा पडला की समजायचं, कुठेतरी नळी तडकली. लाल खुणेखाली गेला तर गाडी हळू चालवत परत आणायची. हा त्यांचा नियम होता.

मोठी शर्यत होती, दिवस-रात्र चालणारी. दुसऱ्या दिवशी चांगलं उजाडलं, तेव्हा ही गाडी पहिली होती आणि काका चालवत होते. त्यांना काटा पडताना दिसला. लाल खुणेखाली गेला. काकांनी नियमाप्रमाणे गाडी हळूहळू आत आणली. मेकॅनिक सगळे पट्टीचे. शिकवलं होतं तसं त्यांनी पहिल्याच झटक्यात गाडी उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवली, नवी हवा भरली, नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. काटा जागचा हलेना. त्यांचा प्रमुख म्हणाला, ‘काटा अडकला असेल, नाहीतर भास झाला तुला. बस गाडीत.’ काका म्हणाले, ‘भास नाही. बसणार नाही.’

शर्यत गेली. त्याच वर्षी तो संघ मोडला, गाडी कुणाच्या तरी गोदामात जाऊन पडली, आणि काकांना पुन्हा कुणी शर्यतीची गाडी दिली नाही. नाव मात्र दिलं. ‘ब्रेकवाले.’ काका कुठे लग्नाला गेले तरी मागून हळूच यायचं, ‘आले बघा ब्रेकवाले.’

मंडळी, माणूस खरंच घाबरला असेल तर त्याला निदान ते ठाऊक तरी असतं. काकांना तेही ठाऊक नव्हतं. मला त्यांनी एकदा सांगितलं, ‘चाळिशी उलटल्यावर मलाच वाटायला लागलं, भासच असेल.’

आता आमच्याकडे या. अध्यक्ष महोदयांच्या संग्रहालयाने ही गाडी घेतली आणि दुरुस्तीला आमच्याकडे दिली. अट एकच, मूळचं जेवढं ठेवता येईल तेवढं ठेवा. मॅडमनी टर्बो उघडला, बेअरिंग नवी बसवली, इंजिन जुळवलं. सांगाडा घोड्यांवर ठेवून हवा भरली. काटा ताठ उभा. रंग तेवढा द्यायचा बाकी. मी खूश. संग्रहालयाकडून रोज फोन येत होता. (महोदय, हसू नका, तुम्हीच करत होता.)

अशातच एक दिवस काका काकूंना घेऊन गाडी बघायला आले. काही विचारलं नाही, काही मागितलं नाही, नुसते भोवती फिरले. तेवढ्यात आमचा रंगारी शेजारच्याला म्हणाला, ‘हेच का रे ते ब्रेकवाले?’ अगदी कुजबुजला. मी ऐकलं, त्यात नवल नाही. मॅडमनी ऐकलं. आणि काकांनीही ऐकलं, कारण ते उगीचच हसले.

मॅडम त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ‘काका, काटा पडला तो नेमका कुठे?’

‘म्हणजे?’

‘सरळ रस्त्यावर, चढावर, वळणावर? कुठे?’

काकांनी हात डावीकडे वळवून दाखवला. ‘डाव्या वळणावर. प्रत्येक डाव्या वळणावर थोडा पडायचा. सरळ रस्त्याला लागलं की थांबायचा.’ मग म्हणाले, ‘पोरी, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, थांबलास का.’

मॅडम माझ्याकडे वळल्या. ‘मालक, गाडी घोड्यांवरून उतरवा. चाकांवर उभी करून बघू.’

मी म्हटलं, ‘मॅडम, काटा पडत नाहीये, तर आपण होऊन कशाला पाडायचा?’

‘घोड्यांवर पडत नाहीये,’ त्या म्हणाल्या. ‘शर्यत घोड्यांवर झाली होती का?’

बोला आता. उतरवली गाडी.

डावं वळण घेताना गाडीचा भार उजवीकडे जातो. म्हणून मॅडमनी उजव्या मागच्या चाकाखाली जॅक लावला आणि ते चाक तेवढंच वर रेटायला सांगितलं, म्हणजे सगळा भार त्या कोपऱ्यावर येऊन सांगाड्याला पीळ बसेल. मग कंप्रेसर बंद, पंखे बंद. ‘सगळे गप्प!’ आपल्याच कारखान्यात मला कोणी गप्प बसवलं असेल तर ते तेव्हा. फिटर जॅकचा दांडा मारत होता आणि मी डोळे मिटून उभा होतो. आणि ऐकलं. झोपलेल्या बाळाच्या श्वासाएवढा आवाज. ‘स्स्स...’ मी म्हटलं, ‘टर्बोच्या बाजूला. पत्र्याच्या मागे.’ मॅडम काट्याजवळ वाकल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘पडतोय.’

टर्बो तापून लालबुंद होतो, म्हणून त्याच्या आणि नळीच्या मधे एक पत्रा होता. मूळचा म्हणून आम्हीही तो काढला नव्हता. काढला. मागे जोडाशी केसाएवढी चीर. टर्बोच्या उष्णतेनं तिथला धातू थकला होता. भार आला की चीर उघडायची, भार गेला की मिटायची. घोड्यांवर ठेवलं की चाकांवरचा भारच जातो. म्हणजे बघा, त्या मेकॅनिकांनी कामात कुचराई केली नव्हती. शिस्तीने, नियमाने, झटपट गाडी उचलली, आणि उचलताक्षणी काकांचा पुरावा मिटवून टाकला. आम्हीही तीच शिस्त पाळून तेच केलं असतं, वर रंगही फासला असता.

वेल्डर पुढे सरसावला. मॅडम म्हणाल्या, ‘थांब. आधी काका.’ त्यांनी काकांचा हात धरून त्यांचं बोट चिरेवर नेलं.

काकांनी बोट चिरेवरून पुढे-मागे फिरवलं. मग म्हणाले, ‘लागतेय. हवा लागतेय.’

काकू मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मी तेव्हाच म्हटलं होतं, तुम्ही खरं बोलताय.’

काका म्हणाले, ‘तेव्हा तू म्हणालीस, आधी जेवून घ्या.’

‘मग? खोट्या माणसाला म्हणाले असते का?’

मंडळी, तेव्हा कारखान्यात जे हसू फुटलं, त्यात दोनचार जणांचे डोळेही वाहिले. मी नावं घेत नाही. आमच्या रंगाऱ्याने खाली वाकून काकांच्या पायाला हात लावला, एवढंच सांगतो.

तो तुकडा कापून नवी नळी जोडली. पुढे काकांनी ही गाडी मोकळ्या ट्रॅकवर चालवली. डाव्या वळणावर गेले, बाहेर आले. मॅडमनी ओरडून विचारलं, ‘काटा?’ काकांनी एक हात वर करून सरळ धरला. ताठ. थांबल्यावर मी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तर मॅडमनी मनगट धरलं. टर्बोची गाडी पळून आली की लगेच बंद करायची नसते. थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, म्हणजे तेल फिरत राहतं आणि आतलं तापलेलं बेअरिंग निवतं. काका तसेच बसून राहिले, मॅडम शेजारी उभ्या. कुणाला कसली घाई नव्हती.

तेव्हा मॅडम, माझी एकच मागणी. उद्या सकाळी लगेच बंद होऊ नका. थोडे दिवस येत जा. चहा घ्या, कुणाला तरी ‘ठीक म्हणजे किती’ विचारा, मग बघू.

आभार मानायचे तर अध्यक्ष महोदयांचे, त्यांनी रंगासाठी आणखी वाट पाहिली आणि ‘ही गाडी नुसती काचेत ठेवणार नाही, वर्षातून एकदा पळवू’ असं कबूल केलं. फिटर, वेल्डर, रंगारी, सगळ्यांचे. तुम्हा श्रोत्यांचे. मॅडमचे आभार मात्र मानत नाही, ते मावणार नाहीत. बोलण्याच्या भरात मी कुठे जास्त हवा भरली असेन, कुणाचा मान राहून गेला असेल, तर आपला माणूस म्हणून पदरात घ्या.

आणि हो, भेटवस्तू. कारखान्यातर्फे आम्ही छान घड्याळ आणलं होतं. परवा काका येऊन म्हणाले, घड्याळ नंतर द्या, आधी माझं. त्यांच्या कोटाच्या खिशात तो कापलेला नळीचा तुकडा आहे, चीर असलेला. तेव्हापासून तो त्यांनी जवळून हलवला नव्हता. लग्नाकार्यात लोकांना काढून दाखवायचे. मी विचारलं, ‘काका, हा देऊन टाकायचा?’

तर म्हणाले, ‘देऊ दे. आता मला कुणाला दाखवायचं राहिलं नाही.’

काका, या. हळू. डावीकडे पायरी आहे.