मधल्या खोलीतली डबी

मी मंदाबाई. माव्हं माहेर जालन्याचं, म्हंजे बाप तिथं कापसाची सरकी काढनाऱ्या एका जिनिंगवर हमाल व्हता आन् आमचं पत्र्याचं घर जिनिंगच्या भिंतीला लागूनच. आम्ही लेकरं कापसातच वाढलो, अंगाखाली कापूस, नाकात कापूस, भाकरीत बी कापसाचं तूस निघायचं. पन कापसाचं भ्याव मला तव्हापासूनच हाय. बाप रोज कामाला लागायच्या आधी एक लांब लोखंडी सळई ढिगात खुपसायचा, थोडा वेळ तशीच ठेवायचा, मंग बाहेर काढून तिला हात लावून पाह्यचा. म्या इचारलं, बाबा, हे काय करू राह्यला, तर म्हने, पोरी, कापसाची आग दिसत न्हाई, ती आतल्या आत चालत राहती, वरून सगळा पांढरा शुभ्र आन् आतून खाऊन झालेला, आन् आपुन उकरायला गेलो की वारा लागून एकदम भडकती. एकदा तसं झाल्तं. बापाचे दोन्ही हात कोपरापस्तोर भाजल्ते. तो वास अजून माझ्या नाकातून गेला न्हाई.

लग्न होऊन इकडं घनसावंगीच्या बाजूला आले तर इथं बी कापूसच, मेला! आमचे मालक मानूस सोन्यासारखा, पन एकदम हट्टी. भाव वाढंल म्हनून वेचनीचा कापूस इकायचा न्हाई, घरातच मधल्या खोलीत भरायचा. सगळं गावच भरतं, आमचं एकट्याचं न्हाई. वेचनी होईल तसा ढीग वाढत जातो, मंग पार माळ्याला टेकतो. मी दर साली कुरकुर करते आन् मालक म्हनत्यात, तुला तर कापसात बी जाळच दिसतो.

आता नेटचं सांगते. माव्हा पोरगा गनेश पुन्याला कारखान्यात हाय, आन् सून वैशाली आमच्यापाशी. ती वरच्या खोलीत बसून एका कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घेती, कानाला ते लावून, लई गोड बोलती, माझ्याशी बी इतकं गोड बोलत न्हाई! तिच्या कामासाठी गनेशनं पुन्याहून वायफायच्या तीन डब्या आनल्या. एक ओसरीत, एक मधल्या खोलीत, एक वर. स्लॅबच्या दिवशी घमेलं कसं हातोहात वर जातं, तसं या डब्या एकमेकींना नेट देत्यात म्हने. पाच-सहा महिने बराबर चाललं. औंदा दिवाळी झाली, कापूस घरात आला, आन् नेट मरगळलं.

रोज थोडं थोडं जास्त. फोनवर बोलता बोलता वैशालीचा आवाज तुटायचा, समोरचं मानूस वरडायचं, हिच्या डोळ्यात पानी. मंग तिच्या मॅडमनं सांगितलं, असंच चाललं तर तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागंल. त्या दिवशी दुपारी तिनं गनेशला फोन लावला, आन् तो तिकडून एक एक सांगू लागला. ओसरीतली डबी बंद करून चालू कर. केली. टीव्ही बंद कर, आईचा मोबाईल बंद कर. केला. मंग म्हने, लॅपटॉप खाली आन आन् ओसरीतल्या डबीला वायरनं जोड. जोडला, तर नेट पळायला लागलं! गनेश म्हने, म्हंजे बाहेरून येनारी लाइन चांगली हाय, खोट मधीच कुठंतरी हाय, मोबाईलात पाहा तिन्ही डब्या दिसत्यात का. वैशाली म्हने, दिसत्यात, चालू हायेत, पन मधली लई कमजोर दाखवू राह्यली. गनेश म्हने, मधली आता कुठं लावली तुम्ही?

काय सांगू तुम्हाला. वैशाली माझ्याकडं पाह्यली आन् मी तिच्याकडं. कापूस भरायच्या आधी म्या मालकाला म्हन्ल्ते, ती डबी काढा. मालकाला वाटलं वैशालीनं काढली. वैशालीला मोबाईलात ती चालू दिसायची, तर तिला वाटलं आम्ही दुसरीकडं लावली. कोनीच काढली नव्हती! ती तिथंच व्हती, भिंतीच्या बोर्डाला, चालू, रात्रंदिवस, आन् तिच्यावर ह्यो एवढा कापसाचा डोंगर.

वैशालीनं पळत जाऊन मेन बटन पाडलं. मालक घनसावंगीला गेल्ते. म्या मागं वळून म्हन्ले, आरू कुठंय? आरू म्हंजे गनेशची पोरगी, चार वर्षांची. आन् म्हनता म्हनताच मला कळलं ती कुठंय. थंडीच्या दिवसात ती दुपारची कापसावर चढून झोपायची. अंग खाजतं म्हनून वैशाली रागवायची, मीच म्हनायची, झोपू दे गं, मऊ लागतं लेकराला.

दार उघडलं. वर, माळ्याच्या खाली, कोपऱ्यात तिचा लाल फ्रॉक दिसला. कोपरा तोच, बोर्डाचा. मी चढायला लागले तर पाय मांडीपस्तोर आत जायचा, आन् प्रत्येक पाय आत गेला की वाटायचं, आता खाली इस्तव लागंल. हाक मारायची हिंमत होईना, दचकून घसरली तर? हळूच काखेत धरून ओढली आन् खाली वैशालीकडं दिली. पोरगी झोपेतच व्हती.

वैशाली लगेच कापूस उपसायला धावली. म्या तिचा हात धरला, म्हन्ले, थांब, वारा लागू देऊ नको. अंगनातली लोखंडी सळई आनली आन् बाप करायचा तशी त्या कोपऱ्यात खुपसली. देवा रे, तो थोडा वेळ! सळई काढली, हात लावला. चुलीवरून उतरवलेल्या दुधाच्या भांड्याएवढी गरम व्हती.

आमचा गलका ऐकून शेजारच्या वत्सलाबाई पोते भिजवून घेऊन आल्या. एक एक मूठ, हळूहळू, गरम लागला की लगेच ओल्या पोत्याखाली, असा आम्ही तिघींनी तो कोपरा रिकामा केला. मी सारखी वास घेत व्हते. डबी सापडली. पांढरी डबी पिवळी पडल्ती, खालून मऊ होऊन वाकल्ती. तिच्या भवतालचा कापूस चहाच्या रंगाचा, बोटात धरला की भुगा. जाळ न्हाई. अजून न्हाई, एवढंच. गनेश फोनवर रडू राह्यला. मंग म्हने, आई, अशी डबी लई तापली की सोताच हळू चालती. म्हंजे ती बिचारी तापून मरू राह्यल्ती आन् आम्ही नेटला शिव्या देत व्हतो.

संध्याकाळी मालक आले, सगळं ऐकून ओट्यावर जाऊन बसले, जेवले बी न्हाई. आरू मात्र खाटेवर झोपायला तयार न्हाई. म्हने, आजी, मला त्या कोपऱ्यातच झोपायचं. म्या म्हन्ले, तिथंच का गं? तर म्हने, बाकीचा कापूस गार असतो, तिथलाच गरम असतो. वैशाली व्हती तिथंच खाली बसली. रोज ते लेकरू ऊब पाहून झोपत व्हतं.

आता कापूस अंगनातल्या शेडमधी असतो, तिथं वायर न्हाई, बोर्ड न्हाई, मालकानंच काढून टाकलं. नवी डबी ओसरीच्या दाराजवळ उंच लावली, नेट बराबर चालतं, वैशालीचं काम राह्यलं. पन मी रोज दिवे लागले की तिन्ही डब्यांना हाताची मागची बाजू लावून पाहते, लेकराचा ताप पाह्यचा तशी. आन् रातच्याला आरू गोधडीत मला बिलगून झोपती ना, तिचं अंग थोडं ऊबदार लागलं तरी मला धस्स होतं. लेकराच्या उबेचं बी भ्याव वाटावं, असं झालंय बगा.

चहा घ्या, थंड होऊ राह्यला. आन् घरी गेल्यावर तुमच्या डबीला एकदा हात लावून पाहा. घर गार राहो तुमचं.