ठरावाला अनुमोदक

हसायचं न्हाय, आधीच सांगतो. परवा ग्रामसभेला गेलतो. खुर्च्या मांडल्याल्या, पण माणूस मी एकटाच. ग्रामसेवक म्हणाला, "आण्णा, कोरम न्हाय, घरी जावा."

म्हटलं, "मागची तहकूब झालेली सभा ही, हिला कोरम कशाला? माझा ठराव लिहून घ्या. हायवे गावाबाहेरनं गेल्यापास्नं एसटी आत येत न्हाय. फाट्यावर थांबा करा, पोरगी पुण्यातनं आली तर उतरंल तरी."

"पोरगी येणार हाय व्हय?"

"थांबा तर होऊ दे की!"

त्यानं लिहिलं. "सूचक तुम्ही. अनुमोदक कोण? दुसरं माणूस पायजे."

"माझ्या मंडळीचं नाव घाला."

"आण्णा, काकू जाऊन दोन वर्सं झाली."

"तुमच्या मतदार यादीत अजून हाय की. बघा!"

त्यानं यादी काढली, तिच्या नावावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "असं चालत न्हाय, आण्णा."

म्हटलं, "ऱ्हाऊ दे मग. उभ्या जन्मात तिनं माझ्या एका शब्दाला अनुमोदन दिलं न्हाय, आता कुठलं देतीया?"